ऑगस्टचे थेंब, ऑक्टोबरचा डोळा : सत्तरी तालुक्यातले एक प्रकरण

२०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळे येण्याची साथ होती. गोवाही त्यातून सुटला नाही. ऑगस्टमध्ये सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या (वस्तीवरच्या) महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. डोळ्यांत घालायच्या थेंबांची छोटी बाटली, आणि खाली एकच ओळ : “आमच्या दोघा मुलांना ह्याने दोन दिवसांत आराम पडला.” पाठवणारी बाई त्याच वाड्यावरची. स्वयंसाहाय्य गटाचे हिशेब तीच पाहते, बायकांचे सरकारी फॉर्म तीच भरून देते. तिने लिहिले त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

दोन महिन्यांनी त्याच फोटोपायी त्याच वाड्यावरच्या दुसऱ्या एका बाईच्या उजव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे आणि साखळी शहराच्या बाजूला माझा दवाखाना आहे. हा डोळा मी तपासला आणि पुढचे उपचारही केले. बाईंच्या आणि त्यांच्या मुलीच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. वाड्याचे नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्यांना मी मावशी म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

सोशल मीडियावरच्या आरोग्यविषयक मजकुराबद्दल बोलताना आपण खरे आणि खोटे अशी विभागणी करतो. या प्रकरणात ती उपयोगी पडत नाही. इथे नुकसान खऱ्या संदेशाने केले, आणि डोळा पूर्ण जाण्यापासून वाचवला तोही त्याच फोनने. फरक कुठे पडला, हे नीट पाहण्यासारखे आहे.

घडले ते असे

ऑक्टोबरमध्ये सरद (पावसाळी) भाताची कापणी चालू होती. मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. शेतात आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) राबण्यात आयुष्य गेलेले. विळ्याने कापताना भाताचे एक पाते उजव्या डोळ्याला लागले. पाणी आले, पदराने पुसले, काम पुढे चालू. आभाळ भरून आले होते आणि कापलेले भात भिजले तर वर्षाची मेहनत मातीत जाते. त्या वेळी डोळ्याकडे कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा लाल होता आणि आत काहीतरी खुपत होते. वाळपईला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण तिथे जायचे तर अर्धा दिवस मोडतो. सुनेला ऑगस्टमधला फोटो आठवला. तिने ग्रुपवर मागे मागे जाऊन तो शोधला. योगायोग असा की घरात तीच बाटली होती. साथीच्या दिवसांत नातवासाठी फार्मसीतून आणलेली, अर्धी उरलेली. डॉक्टरांची चिठ्ठी त्या वेळीही कोणी मागितली नव्हती.

बाटलीत प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र होते. या जातीचे थेंब डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत, आणि तसे असण्याला भक्कम कारण आहे. स्टिरॉइड सूज आणि लाली झपाट्याने कमी करते, कारण ते शरीराचा प्रतिकारच दाबते. डोळ्यात जंतू शिरलेले नसतील तर योग्य देखरेखीखाली ते मोठे कामाचे औषध आहे. मात्र बुबुळावर ओरखडा आहे आणि त्यात शेतातली बुरशी शिरली आहे, अशा डोळ्यात स्टिरॉइड म्हणजे बुरशीला मोकळे रान.

त्या रात्री मावशींना शांत झोप लागली. सकाळी लाली उतरली होती. सुनेने ग्रुपवर त्या जुन्या फोटोखाली लिहिले, “सासूबाईंना पण बरे वाटले.” आता एका फोटोखाली दोन अनुभव झाले, दोन्ही खरे. वाचणाऱ्या तिसऱ्या बाईला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

पाचव्या दिवशी दुखणे परत आले आणि या वेळी ते वेगळे होते. उजेड सहन होईना, डोळ्यातून पाणी थांबेना, समोरचे धुरकट दिसू लागले. सुनेने थेंबांची वेळ वाढवली. पणजीत नोकरी करणाऱ्या मुलीचा रविवारी व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आई ट्यूबलाइटकडे पाठ करून बसली आहे आणि एक डोळा उघडतच नाही, हे तिच्या लक्षात आले. तिने डोळ्याचा फोटो मागितला. तोवर घरातली रेंज गेली होती, म्हणून भावाने फोन रस्त्यापर्यंत नेऊन तो पाठवला. मुलीची एक वर्गमैत्रीण माझ्याकडे ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) आहे. अशा रीतीने रात्री उशिरा तो फोटो माझ्या फोनवर आला.

फोटो चांगला नव्हता. फ्लॅशची तिरीप बुबुळावर पडलेली, कडा पुसट. तरी दोन गोष्टी दिसत होत्या. बुबुळाच्या मध्याजवळ राखट पांढरा डाग, आणि बुबुळाच्या तळाशी आडवी पांढरट रेघ. ती रेघ म्हणजे डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात साचलेला पू. मी व्हॉइस मेसेज पाठवला : “ते थेंब आत्ताच्या आत्ता बंद करा. दुसरे काहीही घालू नका, मध नको, दूध नको, तेल नको. सकाळी पहिल्या गाडीने मावशींना घेऊन या. बाटली बरोबर आणा.” रोगाचे नाव सांगितले नाही, औषध सांगितले नाही. फोटोवरून तेवढेच ठरवता येत होते, आणि तेवढे पुरेसे होते.

डोळ्याची अवस्था

सकाळी मावशी आल्या तेव्हा उजव्या डोळ्याने त्यांना एक मीटरवरची बोटे जेमतेम मोजता येत होती. बुबुळावर सुमारे चार मिलिमीटरची जखम, तिच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या, आजूबाजूला बारीक बारीक वेगळे ठिपके. बुरशीची जखम बहुधा अशीच दिसते. डोळा बधिर करून जखमेचा नमुना खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशीचे धागे स्पष्ट दिसले.

भातशेतीच्या पट्ट्यात हे नवल नाही. मदुराईच्या रुग्णालयात झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बुबुळावरच्या ज्या जखमांत जंतू सापडले, त्यांतल्या जवळपास निम्म्या बुरशीच्या होत्या. पाते, कुसळ, काठी, माती यांनी झालेल्या ओरखड्यातून फ्युझेरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी आत शिरतात. त्या सावकाश वाढतात, म्हणून पहिले काही दिवस डोळा “तेवढाच लाल” राहतो. वर स्टिरॉइड पडले की तो लालही दिसत नाही, आणि आत मात्र जखम खोल जात असते. मावशींना पडलेला आराम नेमका हाच होता.

नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे पाच टक्क्यांचे थेंब सुरू केले, पहिले काही दिवस दर तासाला, रात्रीही. बाहुली मोठी ठेवणारे थेंब दिले, त्याने दुखणे कमी होते. नॅटामायसिन घालणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. बाटली हलवूनच वापरायची आणि डोळ्यात पांढरा साका राहील, तो पू नव्हे. हे सांगितले नाही तर घरचे लोक घाबरून थेंब बंद करतात. मावशींच्या सुनेने मोबाइलवर दर तासाचा गजर लावला आणि एक वेळही चुकवली नाही. ज्या हातांनी आधीचे थेंब घातले होते त्याच हातांनी तिने हे घातले, आणि डोळा टिकला यात तिचा वाटा माझ्याइतकाच आहे.

भरून यायला दीड महिन्याच्या वर लागला. बुबुळावर पांढरा व्रण राहिला. आज त्या डोळ्याची नजर चष्म्यासह ६/३६ आहे, म्हणजे निकोप डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसते ते त्यांना सहा मीटरवरून दिसते. पुढे बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया करता येईल. तूर्त डावा डोळा चांगला असल्याने मावशींना ती नको आहे.

संदेशात काय होते आणि काय नव्हते

काचपट्टीवरचा नमुना तपासतो तसा तो संदेशही तपासायला हवा. त्यात औषध होते, रोग नव्हता. साथीतले डोळे येणे हे विषाणूने होते आणि बहुतेकांचे एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होते. त्या दोन मुलांचे डोळे कोणतेही थेंब घातले नसते तरी बरे झाले असते. पण आईने औषध घातले आणि दोन दिवसांत लाली गेली. तिच्या जागी कोणीही दोन्हीचा संबंध जोडला असता.

संदेशाला काळ होता, तो ऑक्टोबरमध्ये कोणाला दिसला नाही. साथ ओसरली, पण फोटो ग्रुपवर राहिला. लाल डोळा दिसला की शोधायला तयार. त्यातून बाटली ऑगस्टमध्ये उघडलेली. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरात टाकून द्यायचे असतात, कारण तोंडाशी जंतू जमतात. छापील मुदत कितीही पुढची असली तरी हे लागू आहे. फोटोत झाकणाची बाजू दिसत होती, बाटली कधी उघडली ते फोटो कसे सांगणार?

व्हॉट्सॲपने अफवांना आळा घालण्यासाठी बरेच केले आहे. २०१८ पासून भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येतो. २०२० च्या एप्रिलपासून पुष्कळदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला जातो, आणि त्यावर दुहेरी बाणाची खूण येते. त्या खुणेचा उपयोग आहे, मी ती लोकांना दाखवतो. पण आमच्या या फोटोवर ती खूण नव्हती. तो कुठूनही फिरून आलेला नव्हता, शेजारणीने आपल्या ओट्यावर ठेवून काढलेला होता. अनोळखी माणसाच्या रीलमध्ये एरंडेल तेलाने मोतीबिंदू विरघळतो असे सांगितले तर वाड्यावरच्या बायका हसतात. शेजारणीच्या शब्दावर हसत नाहीत, आणि हसूही नये. वाडा त्याच विश्वासावर चालतो.

म्हणून मला वाटते, डोळ्यांच्या बाबतीत सर्वांत धोकादायक संदेश हा ओळखीच्या, प्रामाणिक माणसाचा, औषधाचे नाव असलेला संदेश. खोटेपणा पकडणारी कोणतीही यंत्रणा त्याला पकडणार नाही.

फोटोने काय ठरवावे

मला दर आठवड्याला डोळ्यांचे फोटो येतात. त्यांतून मी एकच प्रश्न सोडवतो : या माणसाने कधी यायचे? आज, उद्या, की आठवड्यात सवडीने. कोणते थेंब, हा प्रश्न फोटोवरून सोडवण्याच्या फंदात पडत नाही. लाल डोळ्यामागे साधी ॲलर्जी असू शकते, बुबुळावरची जखम असू शकते, डोळ्याचा दाब एकदम वाढलेला असू शकतो. दाबाचा झटका आलेला डोळा आणि साथीचा डोळा फोटोत अनेकदा सारखेच लाल दिसतात. एकाला थांबलेले चालते, दुसऱ्याची नजर काही तासांत जाऊ शकते. दाब फोटोत दिसत नाही, डोळ्याच्या आतला पडदा दिसत नाही, नजर किती उरली तेही दिसत नाही. म्हणून फोटोबरोबर मी तीन गोष्टी विचारतो : तो डोळा एकटा उघडा ठेवून भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येते का, उजेड सहन होतो का, आणि डोळ्याला काही लागले होते का. या उत्तरांना फोटोपेक्षा जास्त वजन आहे.

फोटो मात्र नीट काढला तर खूप सांगतो. दिवसा, खिडकीशी, फ्लॅश बंद करून, मागच्या कॅमेऱ्याने. एक सरळ बघताना, एक खालची पापणी ओढून. दोन्ही डोळ्यांचे, म्हणजे तुलना करता येते. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, त्यात बुबुळावरचा बारीक ठिपका हरवतो. २०२३ च्या ऑगस्टपासून एचडीमध्ये पाठवण्याची सोय आली आहे, ती वापरावी. मावशींच्या मुलाला यातले काहीच माहीत नव्हते, तरी त्याच्या फोटोने काम केले, कारण तोवर डाग मोठा झाला होता. तोच फोटो दुसऱ्या दिवशी आला असता तर डाग टिकलीएवढाही नसता, आणि फ्लॅशच्या तिरिपेखाली तो मलाही दिसला नसता. दुसऱ्या दिवशी उपयोगी पडला असता तो एकच प्रश्न : काही लागले होते का?

आणि ते पहिले तासच मोलाचे असतात. नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गावातल्या स्वयंसेवकांनी बुबुळावर ओरखडा असलेल्यांना लवकर शोधून साधे प्रतिजैविक मलम दिले, आणि लवकर पोचलेल्यांचे ओरखडे चिघळले नाहीत. ओरखड्याची जखम होण्याआधीची खिडकी लहान असते. आमच्या ग्रुपवरचा संदेश त्या खिडकीत पोचला होता, पण सोबत चुकीचे औषध घेऊन.

ग्रुपवर पुढे काय झाले

फोटो पाठवणारी बाई ग्रुपवर गप्प झाली. तिला ग्रुप सोडायचा होता. मावशी तपासणीला आल्या की तिचीच चौकशी करत. एकदा म्हणाल्या, “डॉक्टर, तिच्यावर कोणी रागावू नका. तिने चांगल्या मनाने पाठवले.” मग एका संध्याकाळी डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाच मावशी मुलीला घेऊन त्या बाईच्या घरी गेल्या आणि चहा पिऊन आल्या. मला वाटते, पुढचे सगळे त्या भेटीमुळे शक्य झाले.

आधी प्रश्न होता जुन्या फोटोचा. तो आता पुसता येत नव्हता. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश सर्वांकडून पुसण्याची मुदत सुमारे अडीच दिवसांची आहे, आणि इथे दोन महिने उलटले होते. शिवाय तो ग्रुपबाहेर गेला होता. कोणाच्या माहेरी डिचोलीला, कोणाच्या बहिणीकडे दोडामार्गला. ज्या वाटांनी फोटो गेला, त्याच वाटांनी दुरुस्ती जायला हवी होती, आणि त्या वाटा फक्त त्या बायकांनाच ठाऊक होत्या.

अंगणवाडी सेविकेने पुढाकार घेतला. मी एक परिच्छेद लिहून दिला. सेविका म्हणाली, “डॉक्टर, हे कोण वाचणार? म्हाताऱ्या बायका आवाज ऐकतात.” तिचे म्हणणे बरोबर होते. आवाज कोणाचा, यावर थोडी चर्चा झाली. मी बोलावे असे काहींचे मत पडले. शेवटी फोटो पाठवणारी बाईच तयार झाली, आणि तिच्याइतके कोणाचे बोलणे परिणामकारक झाले नसते. तिने बोललेले तिच्या परवानगीने देतो :

“ऑगस्टमध्ये मी थेंबांचा फोटो टाकला होता. ते थेंब साथीच्या दुखण्यात माझ्या मुलांना घातले होते. शेतात पाते लागले, कुसळ गेले, काजीच्या (काजूच्या) झाडाची फांदी लागली, तर ते थेंब घालायचे नाहीत. घरात उरलेले कुठलेच थेंब घालायचे नाहीत. डोळा चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचा, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे. उजेड सहन होत नसेल, धुरकट दिसत असेल, काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. हा आवाज तुम्ही तो फोटो ज्यांना पाठवला होता, त्यांना पाठवा.”

यात औषधाचे एकही नाव नाही. काय घालायचे ते नाही, काय घालायचे नाही ते आहे, आणि कधी जायचे ते आहे. असा संदेश दोन महिन्यांनी ऐकला किंवा दोन वर्षांनी ऐकला तरी कोणाचा डोळा बिघडवणार नाही. माझ्या मते डोळ्यांविषयी काहीही पाठवण्याआधी लावायची कसोटी हीच आहे : चुकीच्या माणसाच्या हाती, चुकीच्या दिवशी पडला तरी निरुपद्रवी राहतो का?

डिसेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर संदेश वर खिळवून ठेवण्याची सोय आली. एका वेळी जास्तीत जास्त तीस दिवस. सेविका दर महिन्याला तो आवाज पुन्हा खिळवते, कापणी आणि काजीचा हंगाम आला की त्याआधी आठवणही करून देते.

डॉक्टरांनी काय टाकावे

मावशींच्या मुलीने मला सुचवले होते की डोळ्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो मी दवाखान्याच्या इन्स्टाग्रामवर टाकावा, लोक सावध होतील. मी नको म्हटले. चेहरा कापून फक्त डोळा दाखवला तर ओळख लपते, असे शहरात म्हणता येईल. सत्तरीत कापणीच्या दिवसांत कोणाच्या डोळ्याला लागले हे पाच वाड्यांना माहीत असते. मावशींनी हो म्हटले होते, पण दहा वर्षांनी नातीच्या लग्नाच्या बोलण्यात तो फोटो निघू शकतो, याचा विचार त्या संमतीत नव्हता. मी कागदावर चित्र काढले आणि ते टाकले. पाते, ओरखडा, पांढरा ठिपका. काम भागले.

याबाबत नियमांची स्थिती सरळ नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांच्या आचरणाचे नवे नियम काढले. त्यांत सोशल मीडियासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे होती. रुग्णांचे फोटो आणि तपासण्यांची चित्रे टाकू नयेत, जाहीर व्यासपीठावर औषध लिहून देऊ नये, असा त्यांचा रोख होता. त्याच महिन्याच्या अखेरीस ते सगळे नियम स्थगित झाले. स्थगिती असो नसो, ती तत्त्वे मला पटतात आणि मी पाळतो. खासगी सल्ल्यासाठी २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत व्हॉट्सॲपसारख्या माध्यमांतून सल्ला देण्यास मुभा आहे, पण प्रत्यक्ष तपासणी हवी की नको हे डॉक्टरने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचे आहे. लाल डोळ्याच्या बाबतीत माझे उत्तर जवळजवळ नेहमी “हवी” असते.

मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व बरे करतो अशी जाहिरात करण्यावर तर १९५४ च्या जादुई उपचारांच्या कायद्यानेच बंदी आहे. तो कायदा छापील जाहिरातींच्या काळातला असला तरी रील्सही त्यातून सुटत नाहीत. अशी रील दिसली की मी ती ग्रुपवर चर्चेला आणत नाही, कारण चर्चेतून तीच जास्त फिरते. थेट तक्रार करतो.

वर्षभराने

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला, चवथीच्या तोंडावर, वाचायचा चष्मा घालवणाऱ्या थेंबांची बातमी आली. पंधरा मिनिटांत जवळचे दिसू लागेल, असे सगळीकडे फिरत होते. ग्रुपवर माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीच्या) सामानाच्या याद्यांमध्ये ती बातमीही आली. वाड्यावर चाळिशी ओलांडलेल्या बायका बऱ्याच, सुईत दोरा ओवताना सगळ्यांचीच अडचण. वर्षापूर्वी फार्मसीत गर्दी झाली असती. या वेळी बातमीखाली पहिली ओळ आली ती त्याच हिशेब पाहणाऱ्या बाईची : “थांबा. आधी विचारू.”

सेविकेने मला विचारले. त्या थेंबांतले पिलोकार्पिन हे जुने औषध आहे, एकेकाळी काचबिंदूवर सर्रास वापरायचे. ते बाहुली आकसवते, त्यामुळे काही तास जवळचे स्पष्ट दिसते. चष्मा कायमचा जात नाही. अंधारात कमी दिसते, डोके दुखू शकते, आणि पडदा कमकुवत असलेल्यांना, विशेषतः मोठ्या उणे नंबरच्या लोकांना, जपावे लागते. हे मी आवाजात सांगितले. काही दिवसांतच, १० सप्टेंबरला, केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्या थेंबांची परवानगी स्थगित केली. परवानगी न घेतलेले दावे केले, हे कारण होते. तोवर आमच्या ग्रुपवर कोणीही बाटली मागवली नव्हती.

याचा अर्थ सगळे सुरळीत झाले असा नाही. हा ग्रुप बायकांचा. पुरुषांचा क्रिकेटचा ग्रुप वेगळा आहे, आणि तिथे तो आवाज टाकला तेव्हा कोणी ऐकल्याचे दिसले नाही. वेल्डिंग करणारी, कोयत्याने झाडी साफ करणारी पोरे त्याच ग्रुपवर आहेत, आणि डोळ्याला लागण्याचा धोका त्यांना बायकांपेक्षा कमी नाही. त्यांच्यासाठी त्यांच्याच संघातला एखादा बोलायला हवा. एका वेल्डरच्या डोळ्यातून नुकताच लोखंडाचा कण काढला. त्याला विचारले आहे, तो विचार करतो म्हणाला. दोडामार्गच्या बाजूला गेलेल्या फोटोची दुरुस्तीही अर्धीच पोचली आहे. तिथल्या बायकांसाठी तिथल्याच बोलीत आवाज करून घ्यायचा असे ठरले आहे, आणि त्यात दवाखाना तिथला जवळचा सांगायचा, माझा नाही. साखळीपर्यंत यायला त्यांना जो वेळ लागेल तो त्या डोळ्याकडे नसतो.